ट्रॅक्टरला ट्रॉली जोडताना: हुकावरचा भार आणि पुढच्या चाकांचे वजन

भरलेली ट्रॉली फडातून रस्त्यावर काढताना ट्रॅक्टरचे तोंड हलके होते. स्टिअरिंग पूर्ण फिरवले तरी पुढची चाके न वळता सरळच घसरत जातात. क्लच जरा झटक्याने सुटला तर ती जमिनीवरून उचललीही जातात. यावर गावोगावी एक ठरलेला उपाय केला जातो, तो म्हणजे पुढच्या बंपरवर दोन माणसे उभी करणे. पाय घसरला तर ही माणसे थेट चाकाखाली जातात, त्यामुळे हा उपाय कधीही करू नये. मात्र त्यामागचे निदान बरोबर असते. पुढे वजन कमी पडते आहे, हे चालकाने ओळखलेले असते. ते वजन कुठे जाते, किती जाते आणि माणसे उभी न करता ते परत कसे आणावे, याची माहिती येथे दिली आहे. ती प्रामुख्याने टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आणि एका ॲक्सलच्या दोनचाकी ट्रॉलीसाठी आहे. चारचाकी आणि जोड ट्रॉलीचे वेगळे मुद्दे पुढे दिले आहेत.

वजन पुढून मागे कसे जाते

पहारीने दगड उचलताना पहारीखाली एक टेकण घेतो. ट्रॅक्टरमध्ये ते टेकण म्हणजे मागचा ॲक्सल. हूक या टेकणाच्या मागे असतो, म्हणून हुकावर जे वजन पडते ते मागची चाके दाबते आणि त्याच वेळी पुढची चाके उचलते. ही झाली उभ्या ट्रॅक्टरची गोष्ट. ट्रॉली ओढायला लागल्यावर आणखी एक परिणाम सुरू होतो. ओढ हुकाच्या उंचीवर मागे खेचत असते आणि चाकांचा जोर जमिनीलगत पुढे लागत असतो. या दोन्हींच्या उंचीत जेवढे अंतर, तेवढा ट्रॅक्टर मागच्या बाजूला कलंडू पाहतो. चढावर ट्रॅक्टरचे स्वतःचे वजनही मागे झुकते.

हिशेब सोपा आहे. समजा तुमच्या ट्रॅक्टरचे वजन २,००० किलो आहे, त्यापैकी पुढच्या चाकांवर ८०० आणि मागच्या चाकांवर १,२०० किलो आहे. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधील अंतर २ मीटर आहे. हूक मागच्या ॲक्सलपासून ६० सेंमी मागे आणि जमिनीपासून ५० सेंमी उंच आहे. ट्रॉली भारासह ६ टनांची असून तिचे ६०० किलो वजन हुकावर टेकले आहे.

ट्रॉली नुसती जोडून उभी केली तरी पुढच्या चाकांवरून ६०० × ०.६ ÷ २ म्हणजे १८० किलो वजन कमी होते. उरतात ६२० किलो. आता मऊ वाटेवर, दर १० मीटरला १ मीटर अशा चढाने ही ट्रॉली ओढायची आहे. चढाचे ६०० किलो आणि चाके रुतण्या-घासण्याचे सुमारे ४०० किलो धरले, तर ओढ १,००० किलोच्या आसपास जाते. या ओढीमुळे १,००० × ०.५ ÷ २ म्हणजे २५० किलो, आणि चढामुळे ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनातून अंदाजे ७० किलो मागे जातात. पुढच्या चाकांवर शेवटी ३०० किलो राहतात.

स्टिअरिंग हातात राहण्यासाठी ट्रॅक्टरच्या एकूण वजनाच्या किमान २० टक्के वजन पुढच्या चाकांवर असावे, असा नियम आहे. या ट्रॅक्टरसाठी ते ४०० किलो होते. म्हणजे सपाटीवर अगदी व्यवस्थित वाटणारी हीच जोडणी चढावर धोक्याच्या रेषेखाली गेलेली असते.

हाच हूक ५० ऐवजी ९० सेंमी उंचीवर असता, तर नुसत्या ओढीमुळे २५० ऐवजी ४५० किलो मागे गेले असते आणि पुढे फक्त १०० किलो राहिले असते. अशा वेळी ट्रॉलीचे चाक एखाद्या दगडाला अडले आणि चालकाने क्लच सोडून रेस दिली, की मागची चाके जागेवर राहतात आणि ट्रॅक्टरच त्यांच्याभोवती फिरून उभा राहतो. तोंड उचलल्यापासून ट्रॅक्टर परत न येण्याच्या अवस्थेला पोहोचायला एक सेकंदही लागत नाही. तेवढ्यात माणसाचा पाय क्लचवर जाईलच असे नाही.

हूक कुठे असावा

ट्रॉली नेहमी ट्रॅक्टरच्या ड्रॉबारला किंवा कंपनीने बसवलेल्या ट्रेलर हुकालाच जोडावी. टॉप लिंकच्या जागी, मागच्या ॲक्सलच्या नळीला साखळी गुंडाळून, किंवा ॲक्सलपेक्षा वरच्या कुठल्याही भागाला ट्रॉली, लाकडाचा ओंडका किंवा रुतलेले वाहन जोडू नये. तीन-बिंदू जोडणीच्या खालच्या दोन लिंकमध्ये बसणारी भोकांची पट्टी हलकी अवजारे ओढण्यासाठी असते. लिफ्ट उचलली की तिची उंची बदलते, आणि दोन्ही बाजूंच्या साखळ्या ताणलेल्या नसतील तर ती डावी-उजवीकडे झुलते. भरलेल्या ट्रॉलीसाठी तिचा वापर टाळावा.

बऱ्याच ट्रॅक्टरच्या हुकाला दोन-तीन उंचीची भोके असतात. त्यातले कोणते निवडावे याबद्दल मतभेद असतात, कारण हूक वर घेतला की ट्रॉलीचा हौदा मागे कलतो, हुकावरचा भार कमी होतो आणि उभा ट्रॅक्टर हलका वाटतो. याचाही हिशेब करून पाहावा. दांडीची लांबी साडेतीन मीटर असेल आणि हूक १८ सेंमी वर घेतला, तर हौदा सुमारे ३ अंश मागे कलतो. उंच भराईत भाराचा मध्य त्यामुळे ६ सेंमीच्या आसपास मागे सरकतो आणि हुकावरचा भार शंभरेक किलोने घटतो. पुढच्या चाकांना त्यातून ३० किलोचा फायदा होतो. मात्र ओढ सुरू झाल्यावर, तेवढ्याच उंचीमुळे ९० किलोचे नुकसान होते. त्यामुळे शक्य तेवढे खालचे भोक वापरावे आणि त्या उंचीवर हौदा समतल राहील अशी ट्रॉलीची दांडी बनवून घ्यावी. हौदा पुढे थोडा झुकलेला चालेल, मागे झुकलेला नसावा. ट्रॉली नवीन करून घेत असाल तर वर्कशॉपला ट्रॅक्टरच्या हुकाची जमिनीपासूनची उंची मोजून द्यावी. हे माप तोंडी अंदाजाने दिल्यामुळे पुढे दांडीला पट्ट्या जोडून वाकवलेल्या ट्रॉल्या अनेक ठिकाणी दिसतात. असा वेल्ड नेमका सर्वाधिक ताणाच्या जागी येतो.

परदेशी व्हिडिओतील स्प्रिंगच्या दांड्या

अमेरिकेत पिकअप गाडीमागे ट्रेलर ओढताना ‘वेट डिस्ट्रिब्युशन हिच’ वापरतात. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ पाहून काही शेतकरी ते ट्रॅक्टरला बसवता येईल का, असे विचारतात. त्यात हुकाच्या डोक्यात स्प्रिंग पोलादाच्या दोन दांड्या बसवतात आणि त्यांची मागची टोके साखळीने वर ताणून ट्रेलरच्या दांड्याला अडकवतात. त्या पहारीसारखे काम करतात. हुकावर पडलेल्या वजनाचा काही भाग गाडीच्या पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर जातो. ट्रेलर जोडण्याआधी पुढच्या मडगार्डची जमिनीपासून उंची मोजायची, जोडल्यावर पुन्हा मोजायची आणि उचललेले तोंड मूळ उंचीच्या जवळ येईपर्यंत दांड्या ताणायच्या, अशी ती पद्धत आहे.

हे साधन डांबरी रस्त्यासाठी आणि स्प्रिंगवर बसलेल्या गाडीसाठी आहे. ट्रॅक्टरचा मागचा ॲक्सल थेट सांगाड्याला बोल्टने जोडलेला असतो, त्यामुळे मडगार्डची उंची मोजून काहीही कळत नाही. शिवाय पाट, बांध आणि चारी ओलांडताना ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यात जो मोठा कोन पडतो, आणि बांधाच्या कोपऱ्यावर ट्रॅक्टर जेवढा तिरका वळतो, तो या दांड्यांना झेपत नाही. गावातल्या वर्कशॉपमध्ये पाट्याच्या स्प्रिंगपासून तशी नक्कल करून घेऊ नये. तेच काम ट्रॅक्टरमध्ये तीन गोष्टींनी करायचे असते. पहिली हुकाची उंची, दुसरी भाराची जागा आणि तिसरी पुढची वजने.

दोनचाकी ट्रॉली भरताना

दोनचाकी ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के वजन हुकावर यावे. याहून जास्त झाले तर तोंड उचलते, हे आपण पाहिले. पण खूप कमी असणेही तितकेच वाईट. हुकावर वजन नसेल तर ट्रॅक्टरची मागची चाके जागेवर फिरतात, रस्त्यावर ट्रॉली शेपटीसारखी हलते आणि ब्रेक लावताना ट्रॅक्टरची मागची चाके हलकी पडतात. लक्षात घ्या, ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात.

भाराचा मध्य किती पुढे असावा, हेही मोजता येते. आपल्या उदाहरणात हुकापासून ट्रॉलीच्या ॲक्सलपर्यंत साडेतीन मीटर अंतर आहे आणि एकूण वजन ६ टन आहे. हुकावर ६०० किलो यावेत यासाठी भाराचा मध्य ॲक्सलच्या ३५ सेंमी पुढे असावा लागतो. तो आणखी फक्त १० सेंमी पुढे गेला, तर हुकावर सुमारे १७० किलो वाढतात. तेवढाच मागे आला तर तेवढेच घटतात. १० सेंमी म्हणजे जेमतेम हाताच्या पंजाची रुंदी. एकाच ट्रॅक्टरला एकच ट्रॉली एका खेपेस चांगली आणि दुसऱ्या खेपेस अवघड का वाटते, याचे उत्तर बहुतेक वेळा या १० सेंमीत असते.

हौद्याच्या बाहेरच्या बाजूला ॲक्सलच्या बरोबर वर एक आणि त्याच्या ३५ सेंमी पुढे दुसरी अशा रंगाच्या दोन उभ्या रेषा मारून घ्याव्यात. शेणखत, माती, वाळू, सोयाबीनची पोती किंवा कांद्याच्या गोण्या भरताना ढिगाचा मध्य दुसऱ्या रेषेच्या जवळ ठेवावा. अर्धीच ट्रॉली भरायची असेल तर माल पुढच्या फळीला लावून ठेवण्याची सवय सोडावी. माल कमी असला तरी तो पूर्ण पुढे असल्याने हुकावरचा भार भरलेल्या ट्रॉलीइतका किंवा त्याहून जास्तही होऊ शकतो.

उसाची भराई टोळी करते आणि त्यांना घाई असते. पुढून मागे थर लावत गेल्यावर शेवटच्या मोळ्या मागे, फाळक्याच्या बाहेर लोंबत ठेवल्या जातात. या मोळ्यांचे वजन थोडे असले तरी ॲक्सलपासूनचे अंतर मोठे असते, म्हणून परिणाम मोठा होतो. मुकादमाला हे एकदा दाखवून ठेवावे. रेषा दिसत असली की सांगणे सोपे जाते.

ट्रॉली रिकामी करतानाही हाच नियम उलट्या दिशेने लागू होतो. पुढचा माल आधी काढला आणि मागचा राहिला, तर भाराचा मध्य ॲक्सलच्या मागे जातो आणि दांडी वर उचलते. अशा वेळी कोणी खिट्टी काढली तर दांडी झटक्यात वर येऊन हनुवटीला किंवा छातीला लागते. दोनचाकी ट्रॉली नेहमी मागून पुढे रिकामी करावी, आणि भारासह सोडायचीच असेल तर पुढच्या टेकूबरोबर मागच्या बाजूलाही भक्कम टेकू लावावा.

वजनकाट्यावर प्रत्यक्ष मोजणी

अंदाजापेक्षा काटा बरा. जवळच्या धर्मकाट्यावर किंवा बाजार समितीच्या काट्यावर गर्दी नसताना गेलात तर पंधरा-वीस मिनिटांत पुढील पाच वजने घेता येतात. काट्याची पाटी आणि तिच्या दोन्ही बाजूंचा रस्ता एका पातळीत असावा. प्रत्येक वेळी चालक जागेवर बसलेला असावा आणि ट्रॅक्टर ब्रेक सोडून उभा असावा, नाहीतर आकडा चुकतो.

१. मोकळ्या ट्रॅक्टरची फक्त पुढची चाके काट्यावर.
२. मोकळा ट्रॅक्टर पूर्ण काट्यावर.
३. भरलेली ट्रॉली जोडून, ट्रॅक्टरची फक्त पुढची चाके काट्यावर.
४. ट्रॉली जोडलेली, ट्रॅक्टर पूर्ण काट्यावर, पण ट्रॉलीची चाके काट्याच्या बाहेर.
५. फक्त ट्रॉलीची चाके काट्यावर.

चौथ्या आकड्यातून दुसरा वजा केला की हुकावरचा भार मिळतो. त्यात पाचवा आकडा मिळवला की ट्रॉलीचे एकूण वजन मिळते. आपल्या उदाहरणात हे आकडे अनुक्रमे ८००, २,०००, ६२०, २,६०० आणि ५,४०० किलो येतील. म्हणजे हुकावर ६०० किलो, ट्रॉलीचे एकूण वजन ६,००० किलो आणि हुकावरील प्रमाण १० टक्के.

सर्वात महत्त्वाचा आकडा तिसरा. तो ट्रॅक्टर उभा असतानाचा आहे, चालताना तो कमी होणार आहे. वरच्याच हिशेबाने, वाट सपाट असेल तर उभ्या स्थितीत पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान २५ टक्के आणि दहात एकसारखा चढ असेल तर ३५ टक्क्यांच्या आसपास वजन असायला हवे. उदाहरणातील ६२० किलो म्हणजे ३१ टक्के. सपाटीला पुरेसे, चढाला अपुरे.

काट्यावर गेल्यावर ट्रॉलीच्या नोंदणी पुस्तकातील मंजूर वजनाशीही तुलना करावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा भारासाठी २०,००० रुपये आणि शिवाय प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. वाहतुकीच्या दराशी तुलना केल्यास एका खेपेचा दंड अनेक खेपांची कमाई खातो.

विस्तार कर्मचाऱ्यांनी गाव पातळीवरील प्रात्यक्षिकात हे पाच आकडे सर्वांसमोर घेऊन दाखवावेत. पुढच्या चाकांखालील काटा ट्रॉली जोडताच कसा खाली येतो, हे पाहिल्यावर वेगळ्या भाषणाची गरज राहत नाही.

पुढची वजने आणि टायरमधील पाणी

पुढच्या बंपरवर बसणारी बिडाची वजने हा माणसे उभी करण्याला खरा पर्याय आहे. १०० किलोची वजने पुढच्या ॲक्सलच्या ६० सेंमी पुढे बसवली, तर पुढच्या चाकांवर १०० नव्हे, १३० किलो वाढतात. वरचे ३० किलो मागच्या चाकांवरून पुढे येतात. उदाहरणातील ट्रॅक्टर यामुळे उभ्या स्थितीत ७५० किलोवर आणि त्या चढावर ४३० किलोवर येतो, म्हणजे रेषेच्या थोडा वर. वजने कंपनीने दिलेल्या कंसातच बोल्टने बसवावीत. सिमेंटचा ठोकळा किंवा रेल्वेरुळाचा तुकडा तारेने बांधलेला असेल तर तो खड्ड्यात सुटून स्वतःच्याच चाकाखाली येतो. पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वजन लावल्यास पुढचा ॲक्सल आणि बेअरिंग लवकर खराब होतात.

तोंड उचलते म्हणून मागच्या टायरमध्ये पाणी भरणारे बरेच जण आहेत. येथे मोठा गैरसमज आहे. मागच्या टायरमधील पाण्याने पुढच्या चाकांवर एक किलोही वाढत नाही. उलट मागच्या चाकांची पकड वाढते, ती जागेवर फिरायची थांबतात, ट्रॅक्टर जास्त जोराने ओढतो आणि तोंड आणखी उचलते. चाक जागेवर फिरणे हा एका अर्थाने ट्रॅक्टरचा सुरक्षा झडप असतो. म्हणून आधी पुढची वजने, मग गरज असेल तर मागे पाणी, हा क्रम पाळावा. पाणी व्हॉल्व्ह सर्वात वर ठेवून टायरच्या तीन चतुर्थांश पातळीपर्यंतच भरावे. मागच्या टायरच्या मापानुसार एका चाकात साधारण दीडशे ते अडीचशे लिटर पाणी बसते. भात खाचरात चिखलणीला जाण्यापूर्वी ते काढून टाकावे.

चारचाकी आणि जोड ट्रॉली

चारचाकी ट्रॉलीचा पुढचा ॲक्सल फिरत्या चकतीवर असतो आणि दांडी खिळीवर वर-खाली हलते. त्यामुळे तिचे वजन हुकावर जवळजवळ पडत नाही. पुढची चाके हलकी होण्याचा त्रास कमी होतो, पण ओढीमुळे होणारा परिणाम कायम राहतो आणि मागच्या चाकांना पकड मिळवण्यासाठी ट्रॅक्टरलाच वजन बाळगावे लागते. मागच्या टायरमधील पाण्याचा खरा उपयोग येथे आहे.

ऊस वाहतुकीत एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या सर्रास असतात. दोन्ही सारख्या भरलेल्या नसतील तर जड ट्रॉली नेहमी ट्रॅक्टरच्या लगत ठेवावी. मागची ट्रॉली जड असेल तर वळणावर आणि उतारावर ती पुढच्या ट्रॉलीला ढकलते, आणि ट्रॅक्टरने केलेली छोटी हालचाल शेवटच्या ट्रॉलीपर्यंत पोहोचेपर्यंत मोठी होते. दोनचाकी ट्रॉलीच्या मागे दुसरी दोनचाकी ट्रॉली जोडू नये. मागच्या ट्रॉलीच्या दांडीचे वजन पुढच्या ट्रॉलीच्या शेपटावर पडते आणि तिची दांडी हुकावरून उचलते. तोल ठेवण्यासाठी केलेली सगळी भराई त्याने वाया जाते.

बाजूला उलटणे

हूक आणि वजने बरोबर असली तरी उंच भराई ट्रॉलीला आडवी पाडते. येथे दोनच मापे महत्त्वाची आहेत, ती म्हणजे दोन चाकांमधील रुंदी आणि भाराच्या मध्याची जमिनीपासूनची उंची. रुंदी १.६ मीटर आणि मध्याची उंची १.६ मीटर असेल तर ट्रॉली उभ्या स्थितीत सुमारे २६ अंशांच्या कलापर्यंत टिकते. मध्य २.१ मीटरवर गेला की हीच मर्यादा २१ अंशांवर येते. प्रत्यक्षात पाटे दबतात, टायर बसतात आणि मोळ्या सरकतात, त्यामुळे याहून बरीच आधी ती जाते.

वळणावर वेगाचा परिणाम वर्गाने वाढतो. १० मीटर त्रिज्येच्या वळणावर २.१ मीटर मध्याची ट्रॉली ताशी २० किमी वेगाने जेमतेम टिकते आणि २५ किमीला उलटते. चालकाला हा पाच किलोमीटरचा फरक जाणवतही नाही. गावाच्या चौकात, कारखान्याच्या फाटकाशी आणि पुलाच्या तोंडाशी वळण्याआधीच गिअर उतरवावा, वळणात शिरल्यावर ब्रेक लावू नये.

एका बाजूच्या टायरची हवा कमी असणे हे न दिसणारे कारण आहे. एक बाजू ५ सेंमी खाली बसली, तर २.१ मीटरवरचा मध्य त्या बाजूला सुमारे साडेसहा सेंमी सरकतो. ट्रॉली ज्या बाजूला नेहमी कलते ती बाजू सपाट जागेवर उभे राहून मागून पाहावी आणि पाट्याचे तुटलेले पान, बसलेला टायर किंवा वाकलेला ॲक्सल शोधावा. मोळ्या उलट बाजूला रचून कल लपवू नये.

ऊसतोड मजूर दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला बीडसह मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे याच ट्रॉल्यांतून मुलाबाळांसह, संसाराचे सामान घेऊन जातात. भरलेल्या सामानावर माणसे बसली की मध्य आणखी वर जातो, आणि ट्रॉली कलली तर त्यांना धरायला काही नसते. मजुरांसाठी वेगळे प्रवासी वाहन ठरवावे आणि ट्रॉलीतून फक्त सामान न्यावे. हा खर्च टोळीच्या उचलीतून न कापता वाहतूकदार, मुकादम आणि कारखाना यांनी आधीच ठरवून घ्यावा, नाहीतर मजूर पुन्हा ट्रॉलीतच बसतात.

उतार आणि ब्रेक

ट्रॉलीला बहुधा ब्रेक नसतात. उतारावर ६ टनांची ट्रॉली २ टनांच्या ट्रॅक्टरला ढकलत असते आणि अडवायला असतात फक्त दोन मागची चाके. हुकावरचा भार योग्य असेल तर या चाकांना पकड मिळते, म्हणून भराईचा नियम चढाइतकाच उतारालाही लागू आहे. रस्त्यावर निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक पेडल जोडणारी पट्टी लावावी. एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर एका बाजूला वळतो आणि ट्रॉली त्याला आडवी लावून ढकलत नेते. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधी टाकावा. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करणे किंवा क्लच दाबून ठेवणे म्हणजे इंजिनचा ब्रेक स्वतःहून काढून टाकणे होय.

खिट्टी, साखळी आणि रुतलेली ट्रॉली

हुकाची खिट्टी भोकाच्या मापाचीच असावी. सळईचा तुकडा किंवा नांगराचा जुना बोल्ट वापरला तर दर झटक्याला तो भोकात आपटतो, भोक लांबट होते आणि एखाद्या दिवशी तो उडून बाहेर येतो. खिट्टीच्या खालच्या टोकाला अडकवणारी क्लिप हवीच. खिट्टी मधोमध झिजून तिचा गळा बारीक झालेला दिसला किंवा दांडीच्या कड्याला वेल्डजवळ केसासारखी चीर दिसली, तर ती खेप थांबवावी. दांडीखालून एकमेकींवरून फुलीसारख्या नेलेल्या दोन साखळ्या ट्रॅक्टरला लावाव्यात. वळताना ताणणार नाहीत एवढ्या त्या सैल असाव्यात. खिट्टी तुटली तर दांडी जमिनीत न रुतता या साखळ्यांच्या झोळीत पडते.

ट्रॉली रुतली असेल तर पहिला प्रयत्न मागे घेण्याचा करावा, पुढे ओढण्याचा नाही. मागे येताना ट्रॅक्टरचे तोंड उचलण्याऐवजी दाबले जाते. तेवढ्याने निघाली नाही तर अर्धा माल उतरवावा, चाकांपुढचा चिखल काढून वाळलेले पाचट किंवा दगड टाकावेत आणि खालच्या गिअरमध्ये क्लच हळू सोडून पाहावे. तोंड वितभर जरी उचलले तरी लगेच क्लच दाबावा. मदतीला दुसरा ट्रॅक्टर आणल्यास तो पहिल्या ट्रॅक्टरच्या पुढच्या हुकाला साखळीने जोडावा आणि साखळी ताणलेली असताना तिच्या आसपास कोणालाही उभे राहू देऊ नये.

ट्रॉली सोडताना ट्रॅक्टर समतल जागेवर आणावा, ट्रॉलीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावाव्यात, पुढचा टेकू जमिनीवर पक्का बसल्यावर दांडीवरचा भार निघाला आहे का ते खिट्टी हाताने हलवून पाहावे. खिट्टी सहज फिरत असेल तरच ती काढावी, आणि काढणाऱ्याने दांडीच्या समोर नव्हे, बाजूला उभे राहावे.